उतरंडीच्या तळाशी

महाराष्ट्रात जळगावे दोन. एक खानदेशातले; ते केळीचे, सोन्याच्या पेढ्यांचे आणि बहिणाबाईंचे. दुसरे आमच्या वऱ्हाडातले. त्याचे नाव एकट्याने उच्चारायची सोय नाही. मागे ‘जामोद’ लावले नाही तर पत्र खानदेशात जाते, पार्सल खानदेशात जाते, आणि एकदा तर नवा जावईसुद्धा खानदेशात जाऊन उतरला होता, असे गावात हसत हसत सांगतात. जामोद हे खरे म्हणजे जवळचेच एक निराळे गाव. थोरल्या जळगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून धाकट्याने शेजाऱ्याचे नाव उसने घेतले, ते कायमचेच अंगाला चिकटले. सरकारदप्तरी ओळख पटवायची तर दुसऱ्याचे नाव लावावे लागते, हा धडा मला या गावाच्या पाटीवरच मिळाला होता. तो पुढे इतका उपयोगी पडेल असे मात्र वाटले नव्हते.

मी मूळचा खामगावकडचा. म्हणजे जळगाव जामोद माझ्या जिल्ह्यातलेच. पण पुण्यात चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला स्वतःचा जिल्हासुद्धा परदेशासारखा पाहावा लागतो. गेल्या आश्विनात तो योग आला. एका जुन्या स्नेह्याच्या मुलाची जळगावला नोकरी लागली होती. त्याने आग्रह केला, “काका, कापूस फुटलाय, सातपुडा धुऊन ठेवल्यासारखा दिसतोय, या.” मी पिशवी भरली.

मुंबईकडून येणाऱ्याने नांदुऱ्याला उतरावे. भुसावळहून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे स्टेशन. गावात महामार्गाच्या कडेला 105 फुटांचा मारुती उभा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यावर त्याची नजर असते. तिथून एस.टी. उत्तरेला वळते आणि पूर्णा नदी ओलांडते. पूर्णेचे खोरे म्हणजे काळीभोर जमीन, कापूस, तूर, सोयाबीन. पण पोटात खारे पाणी. ‘खारपाणपट्टा’ हा शब्द इथल्या माणसाच्या तोंडी लहानपणापासून असतो. इथे विहिरीला पाणी लागले म्हणून कोणी आनंदाने उडी मारीत नाही, आधी बोटाने चाखून पाहतो. वाट तासाभराची. समोर सातपुडा आधी ढगाच्या रेघेसारखा दिसतो, मग निळा होतो, मग हिरवा. आणि त्याच्या पायथ्यालगतच्या सखल भागात जळगाव जामोद येते.

गाव तालुक्याचे आहे, आणि तालुक्याच्या गावाला जे जे शोभते ते सारे इथे आहे: तहसील, कोर्ट, जिनिंग, शाळा-कॉलेजे, बसस्टँडवरचा गरम भज्यांचा वास आणि कुठल्याही गाडीची वेळ ठामपणे चुकीची सांगणारा एक तरी गृहस्थ. याच तालुक्यातले भेंडवळ अवघ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अक्षय तृतीयेला तिथे घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती धान्य ठेवतात, रात्र जाऊ देतात आणि पहाटे दाणे कसे हलले त्यावरून पाऊस, पीक आणि राजा यांचे भाकीत सांगतात. पाऊस किती, कापूस कसा, गादी टिकणार की नाही, सगळे विचारून होते. माणसाच्या तोंडातल्या बोलीचे काय होणार, हे मात्र त्या घटाला आजवर कोणी विचारले नसावे.

मी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार भरला. आठवडी बाजार हा माझा जुना षोक. हिंडत हिंडत मी एका कुंभाराच्या दुकानापाशी आलो. दुकान म्हणजे जमिनीवर गोणपाट आणि त्यावर मडक्यांच्या उतरंडी. खाली थोरला रांजण, त्यावर माठ, त्यावर डेरा, त्यावर लहान मडकी आणि सगळ्यांत वर एवढेसे बोळके. एक म्हातारा आणि त्याची म्हातारी माठ घ्यायला आले होते. म्हातारीने एक माठ बोटाने वाजवला, कान लावला आणि नवऱ्याला काही बोलली. तो काही बोलला. दोघांची चार-सहा वाक्ये झाली असतील. मी कान टवकारले. वऱ्हाडी नव्हते. हिंदी नव्हते. मेळघाटात मी कोरकू ऐकलेली आहे. तिच्यासारखे काही काही लागत होते, पण तीही नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या लोखंडी सामानाच्या दुकानातला गडी खेकसला, “काय लावलं बे किचकिच! मराठीत बोल ना!”

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. म्हाताऱ्याचा चेहरा जागच्या जागी मिटला. मघाच्या चार वाक्यांत तो कोणी एक माणूस होता, बायकोशी हुज्जत घालणारा, माठाची पारख असणारा. आता तो नुसता एक मजूर झाला. “हाव जी,” एवढेच म्हणाला, पैसे दिले आणि दोघे चालू लागले. बोलणे तुटले ते तुटलेच. गर्दीत दिसेनासे होईपर्यंत त्यांनी एकमेकांशी अवाक्षर काढले नाही.

मी कुंभाराला विचारले, “कोणती भाषा ही?”

“निहालायची हाये जी ते. आपल्याले नाही समजत. कोनालेच नाही समजत. चोरायची भाषा म्हन्तेत लोकं.” मग जरा थांबून, दुसऱ्याची उणीदुणी काढल्यासारखे वाटू नये म्हणून म्हणाला, “मानसं गरीब हायेत पन.”

आता वाचकांना थोडे शास्त्र सांगायला हवे. मलाही ते परत आल्यावर पुस्तके उघडूनच कळले. जळगाव जामोद तालुक्यात जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून निहाल लोक राहतात. ते स्वतःला ‘कल्टो’ म्हणवतात. त्यांची निहाली बोलणारे उणेपुरे दोन-अडीच हजार असतील असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि जगाच्या पाठीवर या भाषेला नातेवाईक नाही. मराठी-हिंदीचे एक कूळ, तमिळ-तेलुगूचे दुसरे, कोरकू-संथाळीचे तिसरे. निहाली यांपैकी कुठल्याच कुळात बसत नाही. शेजारधर्माने तिने कोरकूचे शब्द भरपूर घेतले, मराठी-हिंदीचे घेतले, थोडे द्राविडी घेतले. पण सगळी उसनवारी वजा केली तरी सुमारे चौथा हिस्सा शब्द असे उरतात की त्यांचा धागा कुठेच जुळत नाही. युरोपात बास्क भाषा जशी एकटी आहे, तशी आपल्याकडे ही.

सरकारला ही भाषा पहिल्यांदा नीट दिसली ती साहेबाच्या काळात. भारतीय भाषांच्या पाहणीच्या 1906 सालच्या खंडात स्टेन कोनोव यांनी तिला कोरकूच्या पंगतीला बसवले. 1957 साली सुधिभूषण भट्टाचार्य यांनी प्रत्यक्ष ऐकून केलेली टिपणे छापली. 1962 साली हॉलंडचे प्राध्यापक कायपर यांनी तिच्यावर एक पुस्तकच लिहिले. त्यात त्यांनी एक शंका मांडली की, ही भाषा परक्याला कळू नये म्हणून वापरलेली गुप्त बोली असावी. पुढे आशा मुंडले यांनी या लोकांत वावरून शब्दसंग्रह केला; के. एस. नागराज यांचे व्याकरण 2014 साली म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने काढले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी ध्वनिमुद्रणे केली. डेक्कन कॉलेज माझ्या पुण्यातल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. माझ्याच जिल्ह्यातल्या भाषेची गोष्ट माझ्याच शहरात लिहिली जात होती आणि मला तिचा पत्ता लागला तो कुंभाराकडे!

ती गुप्तपणाची शंका घेऊन मी पुष्कळ विचार केला. परक्यासमोर निहाल आपली बोली बोलत नाहीत हे खरे आहे. पण बाजारातला तो म्हातारा गप्प झाला तो काही गुपित राखण्यासाठी नव्हे. ज्या बोलीला लोक हसतात, ती बोली माणूस घरात नेऊन ठेवतो. आणि घरात ठेवलेल्या वस्तूला बाहेरचे लोक चोरीचा माल म्हणतात.

मला हे जरा लवकर समजले, कारण एक जुनी खपली निघाली. पुण्याच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात मी उभा राहून म्हणालो होतो, “सर, मले नाही समजलं.” वर्ग खो खो हसला. “मले नव्हे, मला,” असे मागून कोणी तरी दुरुस्त केले. सहा महिन्यांत मी ‘मले’ सोडले, ‘पायजे’ सोडले, ‘काऊन’ सोडले. सुट्टीत घरी गेल्यावर आई माझ्याकडे नवलाने पाही आणि म्हणे, “पोट्टं सायबावानी बोलते.” तिला अभिमान वाटत होता की दुःख, हे मी तेव्हा विचारले नाही, आता विचारायला ती नाही.

म्हणून म्हणतो, कुंभाराच्या दुकानातली ती उतरंड माझ्या डोळ्यांपुढून हलेना. भाषांचीही अशीच उतरंड असते. सगळ्यांत वर इंग्रजीचे बोळके; त्याखाली हिंदी; तिच्याखाली पुण्याची मराठी; तिच्याखाली आमची वऱ्हाडी; तिच्याखाली कोरकू; आणि साऱ्यांचा भार डोक्यावर घेऊन तळाशी निहाली. कोरकूसुद्धा निहालांना आपल्याहून खालचे समजत आले आहेत, असे जुन्या पुस्तकांतून लिहिले आहे. प्रत्येक मडके वरच्याच्या ओझ्याने कण्हते. आपण कोणाच्या डोक्यावर बसलो आहोत, हे मात्र कुठल्याच मडक्याला दिसत नाही.

बरे, ही उतरंड काही देवाने रचलेली नाही. या एकट्या जळगावात ती किती वेळा मोडून पुन्हा रचली गेली पाहा. निजामाच्या अमलात दरबाराची भाषा फारसी होती. ‘तहसील’, ‘दस्तऐवज’, ‘अर्ज’, ‘मुदत’, ‘वकील’ हे शब्द आजही कोर्टाच्या आवारात तिची आठवण देत उभे आहेत. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. साहेबाची इंग्रजी वर बसली आणि कचेरीच्या खालच्या पायरीवर मराठी आली. 1905 साली हा तालुका अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्याला जोडला. स्वातंत्र्यानंतर जुन्या मध्य प्रदेशात 1950 च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन राजभाषा ठरल्या. 1 नोव्हेंबर 1956 ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, 1 मे 1960 ला महाराष्ट्रात. आणि 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. आमच्या वडिलांच्या पिढीने त्यासाठी जिवाचे रान केले. त्या आनंदात खोट काढणारा मी नव्हे.

पण 1956 च्या भाषावार सीमारेषेकडे सातपुड्याच्या माथ्यावरून पाहिले तर निराळे दिसते. डोंगराच्या दक्षिणेला मराठी राज्य, उत्तरेला निमाडात हिंदी राज्य. निहाल दोन्हीकडे. भट्टाचार्यांनी टिपणे घेतली ते टेंभी गाव तिकडचे, सोनबर्डी इकडचे. भाषेच्या नावाने रेघ ओढली आणि ती एका भाषेच्याच मधून गेली. इकडचा निहाल मराठी शाळेत गेला, तिकडचा हिंदी शाळेत. आता दोघे भेटले तर कोणत्या भाषेत बोलतील, हा प्रश्न रेघ ओढणाऱ्यांच्या टेबलावर आलाच नसेल.

आणि कागदावर निहाल कुठे आहे? अनुसूचित जमातींच्या यादीत पाहावे, तर तो ‘कोरकू’ या नोंदीच्या पोटात सापडतो. विदर्भात ती यादी 1976 पर्यंत ठराविक तालुक्यांपुरतीच होती. मेळघाटातला कोरकू वा निहाल कायद्याने आदिवासी, बुलढाणा जिल्ह्यातला नाही. क्षेत्रबंधन उठल्यावर तो आदिवासी झाला. जनगणनेत पाहावे, तर दहा हजारांहून कमी लोकांची भाषा 1971 पासून छापील तक्त्यात वेगळी दाखवत नाहीत. 2011 च्या तक्त्यात कोरकू बोलणारे 7,27,133 आहेत. निहालीची ओळच नाही. युनेस्कोच्या मरणपंथाला लागलेल्या भाषांच्या नकाशात मात्र महाराष्ट्रावर तिची खूण आहे, तीही ‘अत्यंत संकटग्रस्त’ या रंगात. म्हणजे पॅरिसला दिसते ते मुंबईला आणि दिल्लीला दिसत नाही. जळगावाला निदान जामोदचे नाव उसने घेऊन पत्र तरी मिळते. निहालीच्या पत्त्यावर काही येतच नाही.

माझ्या यजमानाने एका गुरुजींची गाठ घालून दिली. घाटावरचे, चिखलीकडचे, डोंगरपायथ्याच्या एका शाळेत त्यांनी बरीच वर्षे काढली. चहा झाल्यावर मी बाजारातला प्रकार सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “हसणाऱ्यांना काय बोलू? माझंच सांगतो. पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. उन्हाळ्याची सकाळची शाळा. पहिलीतलं एक लेकरू सारखं माझ्याकडं येऊन म्हणायचं, ‘जोप्पो, जोप्पो.’ मला वाटलं झोप आली म्हणतंय. मी त्याला म्हटलं, ‘बस बाळा, डोकं टेकव, झोप.’ लेकरू गुणी. डोकं टेकवून पडायचं. असे तीन दिवस. चौथ्या दिवशी त्याची बहीण मोठ्या वर्गातून आली न् म्हणाली, ‘गुरुजी, त्याले पानी पायजे.’ निहालीत जोप्पो म्हणजे पाणी.”

एवढे सांगून त्यांनी चष्मा पुसला. त्या लेकराला मी कधी पाहिले नाही. पण तहान लागली असता गुरुजींच्या आज्ञेने डोळे मिटून पडलेले ते पोर मला त्या रात्री झोपू देईना.

गुरुजींनी मग एक वही काढली. शंभर पानी, साधी. तीन रकाने आखलेले: निहाली, कोरकू, मराठी. जोप्पो, डा, पाणी. आपो, सिंगल, विस्तव. लेकरांनी सांगितलेले, आयाबायांनी दुरुस्त केलेले शब्द. “पहिलीच्या पोरांना पहिले सहा महिने यातूनच शिकवतो. मराठी मग आपोआप येते, आणि न रडता येते. पण मी आता बदलीला पात्र आहे. वही शाळेच्या कपाटात ठेवून जाईन म्हणतो.”

“वरिष्ठांना दाखवली?”

“दाखवली होती. चांगली आहे म्हणाले. कोणत्या योजनेत बसते, ते विचारलं.”

योजनेत बसत नसेल, पण घटनेत बसते. कलम 350-अ हे 1956 च्याच सातव्या घटनादुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करण्याचा प्रयत्न करावा, असे ते सांगते. ज्या वर्षी भाषेची रेघ निहालांच्या मधून गेली, त्याच वर्षी हे औषधही लिहून दिले होते. 2020 च्या शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा म्हटले आहे. चिठ्ठी आहे, दुकानात औषध नाही.

इथे मला सातासमुद्रापलीकडली एक गोष्ट आठवते. माझी पुतणी कॅलिफोर्नियात असते. दोन वर्षांमागे तिच्याकडे गेलो असता आम्ही एका मोठ्या दुकानात सामान आणायला गेलो. दोन बायका स्पॅनिशमध्ये बोलत भाजी निवडत होत्या. माठ वाजवून पाहावा तशी एकीने कलिंगडावर टिचकी मारली. मागच्या एका बाईने त्यांना सुनावले, “या देशात आहात तर इंग्रजी बोला.” त्या दोघी गप्प झाल्या. मी संतापून मराठीत काही बोललो, तशी पुतणी माझा हात दाबून म्हणाली, “काका, जरा हळू.” त्या क्षणी मराठी आणि स्पॅनिश दोघी एकाच पायरीवर मान खाली घालून उभ्या होत्या.

गंमत अशी की ती भूमी 1848 पर्यंत मेक्सिकोची. स्पॅनिश तिथे पाहुणी नव्हे, आधीची मालकीण. कॅलिफोर्नियाच्या 1849 च्या राज्यघटनेत कायदे स्पॅनिशमध्येही छापावेत असे कलम होते. 1879 च्या नव्या घटनेत ते गाळले. 1998 साली तिथल्या मतदारांनी दोन भाषांतून शिकवण्याचे बहुतेक वर्ग बंद पाडले, 2016 साली तिथल्याच मतदारांनी ती बंदी उठवली. चार कोटींहून अधिक माणसे त्या देशात घरी स्पॅनिश बोलतात; आणि 1 मार्च 2025 ला अध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही त्या देशाची अधिकृत भाषा ठरली. त्याआधी सव्वादोनशेहून अधिक वर्षे संपूर्ण देशासाठी अशी भाषा ठरवलेलीच नव्हती, आणि कारभार अडला नव्हता.

पण स्पॅनिशची कीव करताना तिचे माहेरही पाहावे. खुद्द स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत हीच स्पॅनिश उतरंडीच्या टोकावर बसली होती आणि खाली बास्क दबली होती. तीच ती, निहालीसारखी एकटी भाषा. शाळेत बास्क बोलण्याची चोरी होती. मग आईबापांनी वर्गणी काढून, प्रसंगी लपूनछपून, आपल्या शाळा चालवल्या. 1975 साली फ्रँको गेला, 1978 साली नवी घटना आली आणि बास्क आपल्या प्रांतात स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा झाली. जी स्पॅनिश कॅलिफोर्नियात मोलकरीण ठरली, ती बिल्बाओत मालकीण होती. भाषा वाईट नसते. ती कोणत्या बाजारात उभी आहे, तेवढाच फरक.

आणि आपली मराठी? बेळगावात पाटीवर मराठी नाही म्हणून आपण 1956 पासून तळमळतो आहोत. ते तळमळणे खरे आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा महाराष्ट्र उठून उभा राहिला आणि जूनअखेर तो मागे घ्यावा लागला. मीही त्या सभांना गेलो होतो. लेकराच्या जिभेवर परकी भाषा लादू नका, असे टाळ्या वाजवून म्हणत होतो. त्याच्या आदल्याच वर्षी मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढेही खाल्ले. टाळ्या खऱ्या होत्या, पेढेही गोड होते. पण जळगाव जामोदच्या बाजारात ‘मराठीत बोल ना’ हे वाक्य ऐकले, तेव्हा ते मला कुठे तरी ऐकलेले वाटले. ते बेळगावात कन्नडमधून ऐकलेले होते, दुकानात इंग्रजीतून ऐकलेले होते. या खेपेला ते माझ्या आईच्या भाषेत होते, आणि तेही अस्सल वऱ्हाडीत.

निघण्याच्या आदल्या दिवशी गुरुजी मला सोनबर्डीच्या बाजूला घेऊन गेले. डोंगर अगदी अंगावर येतो. शेतात कापूस वेचणाऱ्या बायका, मधूनमधून सागाची झाडे. एका अंगणात बसलो. घरचा म्हातारा गुरुजींना ओळखत होता, म्हणून बोलला. मी मोजायला सांगितले. त्याने बोटे दुमडली, “बिडुम, इरार, मोथो, नालो...” आणि पुढे “पाच, सहा, सात.” पुस्तकात मागाहून पाहिले तर पंडित म्हणतात, ‘इरार’मध्ये तमिळचा ‘इरंडु’ ऐकू येतो, ‘नालो’त तेलुगूचा ‘नालुगु’, पाचपासून पुढे आपलाच बाजार. ‘बिडुम’ मात्र कोणाकडून आणलेला नाही.

“नातवंडं बोलतात का, बाबा?”

“समजते त्यायले. बोलत नाहीत. बोलून काय भेटते जी? मजुरी मराठीत, रेशन मराठीत, दवाखाना मराठीत.” मग दाराकडे पाहून म्हणाला, “बुढी अन् मी बोलतो. एकजन गेला का दुसऱ्यानं कोनासंगं बोलावं?”

याला उत्तर माझ्यापाशी नव्हते. गुरुजींपाशीही नव्हते, त्यांच्यापाशी एक वही होती. पुण्याला परतल्यावर मी तिच्या दोन नकला काढवल्या. एक त्यांच्या जागी येणाऱ्या शिक्षकासाठी कपाटात ठेवायला पाठवली, एक माझ्याजवळ आहे. एवढ्याने भाषा जगत नाही, हे मला कळते. पण कोणा पोराला तहानेपायी झोपावे लागू नये, एवढे तिने होऊ शकेल.

उन्ह चढले होते. म्हाताऱ्याची आठ-नऊ वर्षांची नात दाराच्या चौकटीला टेकून आमच्याकडे पाहत होती. मला तहान लागली होती. मी धीर करून तिला म्हणालो, “जोपो.”

ती फिसकन हसली. ओढणीचा बोळा तोंडाशी धरून म्हणाली, “जोपो नायी. जोप्‌-पो.” दोन्ही ‘प’ वेगवेगळे म्हणून दाखवले आणि मला पुन्हा म्हणायला लावले. मी म्हटले. तिला पसंत पडले नाही. तिसऱ्यांदा म्हटले, तेव्हा आतून म्हातारीच हसल्याचा आवाज आला. मग ती आत गेली आणि नव्या माठातले पाणी घेऊन आली.

उच्चारावरून लोक मला हसल्याची आयुष्यातली ही दुसरी खेप. पाणी गोड होते.